‘जैसे थे’ व्यवस्था (इस्रायल)

इस्रायलमध्ये धर्म आणि राज्यसंस्था यांचे संबंध ज्या राजकीय तडजोडीने ठरतात, तिला ‘जैसे थे’ व्यवस्था म्हणतात. हिब्रूतही तिच्यासाठी ‘स्टेटस को’ हा उसना लॅटिन शब्दच रुळला आहे. इस्रायलला घोषित राज्यधर्म नाही आणि एकसंध लिखित संविधानही नाही. तरीही ज्यू नागरिकाचा देशात होणारा विवाह आणि घटस्फोट ऑर्थोडॉक्स (परंपरानिष्ठ) रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, अखत्यारीत येतो. या व्यवस्थेवरील वाद वरकरणी धार्मिक आणि निधर्मी यांच्यातला दिसतो, परंतु राज्याने एकदा ज्यू धर्माला अधिकार दिल्यावर तो नेमका कोणत्या पंथाच्या ज्यू धर्माला दिला, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

हे पंथभेद युरोपातले आहेत. १८१८ मध्ये हॅम्बुर्ग येथे सुरू झालेल्या प्रार्थनामंदिरात जर्मन भाषेतील प्रार्थना, प्रवचने आणि ऑर्गनवादन यांचा समावेश करण्यात आला. परंपरानिष्ठ रब्बींनी त्याचा निषेध केला आणि पुढे ‘रिफॉर्म’ व ‘ऑर्थोडॉक्स’ ही नावे स्थिरावली. दोहोंच्या मधला ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ पंथ मुख्यतः अमेरिकेत वाढला. हंगेरीत १८६८-६९ च्या ज्यू परिषदेनंतर तीन स्वतंत्र संघटना झाल्या आणि त्यांपैकी सुधारक किंवा परंपरानिष्ठ अशा कोणत्याच बाजूला न गेलेल्यांच्या गटाला ‘जैसे थे’ याच अर्थाचे लॅटिन नाव पडले, हा एक योगायोग. कोकण, बगदाद किंवा येमेनमधील ज्यूंना ही विभागणी मुळात परकी होती. मुंबईत मात्र डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने १९२५ मध्ये उदारमतवादी ज्यूंची संघटना स्थापन झाली होती.

ऑटोमन साम्राज्यात प्रत्येक धर्मसमूहाचे विवाहादी व्यवहार त्याच्या धर्मन्यायालयाकडे सोपवलेले असत. ब्रिटिशांनी पॅलेस्टाइनमध्ये ती पद्धत कायम ठेवली आणि १९२१ मध्ये मुख्य रब्बीमंडळ स्थापून अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपीय परंपरेच्या) ज्यूंसाठी अव्राहाम यित्झाक कूक आणि सेफार्दी (स्पेनमधून आलेल्या परंपरेच्या) ज्यूंसाठी याकोव मेइर यांची निवड झाली. त्या प्रदेशात तेव्हा इतर पंथांचे अस्तित्व नगण्य असल्यामुळे ऑर्थोडॉक्स संस्था हीच सर्व ज्यूंची संस्था ठरली; जेरुसलेममधील काही कर्मठ ज्यूंनी मात्र तिचा अधिकार मानण्यास नकार दिला.

१९ जून १९४७ रोजी ज्यू एजन्सी या पॅलेस्टाइनमधील ज्यूंच्या प्रातिनिधिक संस्थेच्या वतीने डेव्हिड बेन-गुरियन यांनी ‘अगुदात इस्राएल’ या कर्मठ पक्षाला पत्र लिहिले. संयुक्त राष्ट्रांची समिती तेव्हा पॅलेस्टाइनच्या भवितव्याची चौकशी करत होती, आणि तिच्यापुढे ज्यूंमधील दुही उघड होणे परवडणारे नव्हते. पत्रात चार आश्वासने होती : शब्बाथ (शनिवार) हा अधिकृत विश्रांतीचा दिवस राहील, सरकारी स्वयंपाकघरांत कोशेर (ज्यू आहारनियमांनुसारचे) अन्न असेल, विवाहाच्या बाबतीत समाजात फूट पडू नये यासाठी शक्य ते केले जाईल आणि शिक्षणात प्रत्येक प्रवाहाला स्वायत्तता मिळेल. धर्मसत्ताक राज्य स्थापण्याचा हेतू नाही, हेही त्याच पत्रात स्पष्ट केले होते. कायद्याचे बळ नसलेल्या या पत्राने पुढच्या कित्येक दशकांचे राजकारण बांधून ठेवले. १२० सदस्यांच्या क्नेसेटमध्ये (इस्रायलच्या संसदेत) एकाच पक्षाला बहुमत कधीच मिळालेले नाही, त्यामुळे लहान धार्मिक पक्षांच्या शब्दाला त्यांच्या संख्येपेक्षा जास्त वजन येते, हे याचे मुख्य कारण.

शब्बाथच्या बाबतीत ‘जैसे थे’ हे शब्द अगदी अक्षरशः पाळले गेले. बहुतेक शहरांत शनिवारी सार्वजनिक बस बंद असते; हैफात ती ब्रिटिश काळापासून धावत होती, म्हणून तिथे धावत राहिली. डिसेंबर १९७६ मध्ये अमेरिकेहून आलेल्या एफ-१५ लढाऊ विमानांचा स्वागतसमारंभ शुक्रवारच्या सायंकाळपर्यंत, म्हणजे शब्बाथ सुरू होण्याच्या वेळेपर्यंत, लांबला आणि शब्बाथभंगाच्या आरोपावरून अविश्वास ठराव आला. आघाडीतील राष्ट्रीय धार्मिक पक्ष मतदानात तटस्थ राहिला, पंतप्रधान यित्झाक राबिन यांनी त्याच्या मंत्र्यांना काढले आणि स्वतःही राजीनामा दिला. उलट दिशेने, २०१९ पासून तेल अवीव आणि शेजारच्या काही नगरपालिकांनी शनिवारी मोफत बससेवा सुरू केली आहे.

विवाहाचा प्रश्न याहून खोल आहे. १९५३ च्या कायद्याने ज्यूंचे विवाह व घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांकडे गेले. देशात नोंदणी विवाहाची सोय नसल्याने अनेक जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करतात, कारण परदेशात झालेल्या विवाहाची नोंद सरकारने करून घेतली पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये दिला.

या अधिकाराची झळ मराठी भाषकांनाही बसली. कोकणात, विशेषतः आजच्या रायगड जिल्ह्यातील गावांत, शतकानुशतके तेलाचा व्यवसाय करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवत असल्याने ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जाणारे बेने इस्राएल १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. तेथे काही रब्बींनी त्यांचे इतर ज्यूंशी विवाह लावण्यास नकार दिला. या समाजाच्या ज्यूपणाबद्दल उघड इन्कार नव्हता. आक्षेप असा की, दीर्घकाळ रब्बींविना राहिलेल्या समाजात घटस्फोट आणि निपुत्रिक विधवेचा दिराशी विवाह यांविषयीचे धर्मनियम पाळले गेले असतील याची खात्री नाही, आणि विधिवत घटस्फोट न झालेल्या स्त्रीला दुसऱ्या पुरुषापासून झालेल्या संततीशी विवाह धर्मशास्त्राने निषिद्ध ठरवला आहे. ऑक्टोबर १९६१ मध्ये रब्बीमंडळाने अशा विवाहांना सरसकट बंदी घालण्यास आधार नसल्याचे सांगितले; मात्र १९६२ च्या निर्देशांत बेने इस्राएल अर्जदाराच्या वंशाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करण्यास सांगितले. निर्देशांत समाजाचे नाव घेतलेले होते, आणि लोकांना लागले ते हेच. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने खास बैठकीत त्यांना सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे मानावे असा ठराव केला. पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने दबाव आणल्यावर रब्बीमंडळाने निर्देशांतून त्यांचे नाव वगळले. चौकशीचा अधिकार मात्र रब्बींकडेच राहिला, एवढेच की आता तो संशय वाटेल त्या कोणालाही लागू झाला.

जेरुसलेममधील पश्चिम भिंत या ज्यूंच्या पवित्र प्रार्थनास्थळापाशी हाच तणाव डोळ्यांना दिसतो. १९८८ पासून स्त्रियांचा एक गट तेथे प्रार्थनेची शाल पांघरून तोरा या धर्मग्रंथाचे सामूहिक वाचन करण्याचा हक्क मागत आहे. जानेवारी २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने भिंतीच्या दक्षिण भागात स्त्री-पुरुषांच्या एकत्र प्रार्थनेची जागा विकसित करून तिच्या व्यवस्थापनात रिफॉर्म व कॉन्झर्व्हेटिव्ह पंथांना स्थान देण्याची योजना संमत केली; जून २०१७ मध्ये हरेदी (कर्मठ ऑर्थोडॉक्स) पक्षांच्या आग्रहाने ती स्थगित झाली. अमेरिकेतील ज्यू संघटनांत यावर तीव्र नाराजी उमटली, कारण तेथे हे दोनच पंथ सर्वांत मोठे आहेत. धर्मविद्यार्थ्यांना सक्तीच्या लष्करी सेवेतून मिळणारी सवलतही या व्यवस्थेत वाढत गेली : १९४८ मध्ये सुमारे ४०० धर्मविद्यार्थ्यांपुरती असलेली सूट १९७७ नंतर संख्येच्या मर्यादेविना दिली जाऊ लागली, आणि जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला कायद्याचा आधार उरलेला नाही असा एकमताने निर्णय दिला.

‘ज्यू कोण’ या प्रश्नावर राज्य आणि रब्बी यांची उत्तरे वेगळी आहेत. ज्यूंना इस्रायलमध्ये येऊन स्थायिक होण्याचा हक्क देणाऱ्या १९५० च्या ‘परतीच्या कायद्या’त १९७० मध्ये दुरुस्ती होऊन ज्यू मातेच्या पोटी जन्मलेली किंवा धर्मांतराने ज्यू झालेली आणि अन्य धर्माची नसलेली व्यक्ती ज्यू ठरली. परंतु स्थलांतराचा हक्क ज्यूच्या नातवंडांपर्यंत आणि त्यांच्या जोडीदारांपर्यंत वाढवण्यात आला. त्यामुळे सोव्हिएत संघ कोसळल्यावर आलेले लाखो लोक इस्रायली नागरिक, लष्करात सैनिक आणि हिब्रू शाळांत विद्यार्थी झाले, तरी त्यांच्यापैकी अनेकजण रब्बींच्या लेखी ज्यू नाहीत. १ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इस्रायलमध्येच झालेली रिफॉर्म व कॉन्झर्व्हेटिव्ह धर्मांतरे नागरिकत्वासाठी ग्राह्य धरली. असे धर्मांतर केलेली व्यक्ती आज गृहमंत्रालयाच्या नोंदवहीत ज्यू आहे. तीच व्यक्ती लग्नाची नोंदणी करण्यासाठी रब्बींच्या कार्यालयात गेली, तर तेथे तिला ज्यू म्हणून मान्यता मिळत नाही.