नवी कवळी आणि तोंडातली जाणीव

वरची पूर्ण कवळी बसली की टाळू झाकली जाते. घास किती गरम आहे, किती बारीक झालाय, त्यात खडा किंवा माशाचा काटा आहे का, हे आजवर टाळूही सांगत होती. शिवाय दाताच्या मुळाभोवती पातळ पडदा असतो. त्यामुळे दातांत केस आला तरी कळतो. दात गेले की तो पडदाही जातो. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे तोंड अनोळखी वाटतं. कवळी चुकली असं लगेच समजू नका. पहिले काही दिवस लाळही जास्त सुटते, कारण तोंड कवळीला घासच समजतं. लाळ गिळत राहा.

कवळीवर चावण्याचा जोर स्वतःच्या दातांच्या साधारण पाव हिश्शाएवढाच येतो. त्यामुळे आपली कडक भाकरी पहिला महिनाभर आमटीत पूर्ण भिजवूनच खा. सुपारीएवढा घास घ्या, तो अर्धा-अर्धा करून दोन्हीकडच्या दाढांवर ठेवा. एकाच बाजूने चावलं की दुसरी बाजू उचलते; पुढच्या दातांनी तोडलं की मागची कड सुटते. शेंगाचटणी कोरडी नको, दह्यात कालवा. तिचा एखादा कण कवळीखाली गेला तर हिरडीला खड्यासारखा टोचतो. जेवण झाल्यावर कवळी काढून धुवा, चूळ भरा.

गिळताना श्वास साधारण सेकंदभर थांबतो आणि श्वासनलिका झाकली जाते. मागे राहिलेला घास जाणवला नाही आणि तेवढ्यात आपण बोललो, तर ठसका लागतो. म्हणून हनुवटी किंचित खाली घेऊन गिळा, जीभ एकदा सगळीकडे फिरवा, मगच बोला. चहा आधी ओठाला लावून पाहा. टाळूला चटका कळत नाही आणि घसा पोळतो.

उमासे येत असतील तर नाकाने सावकाश श्वास घ्या. तरीही थांबले नाहीत, तर मागची कड लांब असेल किंवा कवळी सैल असेल. ते आम्ही दंतवैद्य दुरुस्त करतो. घरी कानशीने घासू नका, हे कळकळीने सांगतो. हिरडी दुखत असेल तर येण्याआधी काही तास कवळी घाला, म्हणजे नेमका वळ दिसतो. रात्री कवळी साध्या पाण्यात ठेवा. उकळत्या पाण्यात ती वाकडी होते.

पाणी पिल्यावर रोज ठसका लागतो, आवाज घरघरतो, ताप परत परत येतो, अशा वेळी डॉक्टरांना दाखवा. तोंडाची एक बाजू अचानक बधिर किंवा वाकडी झाली तर आमच्याकडे न येता थेट मोठं रुग्णालय गाठा.