एका कलेचा पिक्सेल

माणसाचा डोळा हा ५७६ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे (पिक्सेल म्हणजे चित्रातला एक ठिपका आणि मेगापिक्सेल म्हणजे असे दहा लाख ठिपके), हे विधान समाजमाध्यमांवर इतक्या वेळा फिरून आले आहे की ते आता पाठ्यपुस्तकातले वाटू लागले आहे. अलीकडे त्याला एक शेपूटही जोडलेले आढळते: डोळा ५७६ मेगापिक्सेलचा असेल, तर ३३ मेगापिक्सेलचा ८के मॉनिटर डोळ्यापुढे किरकोळच ठरतो, म्हणून मिळतील तितके जास्त पिक्सेल पदरात पाडून घ्यावेत. हे शेपूट जाहिरातदारांच्या सोयीचे आहे, परंतु ज्या आकड्याला ते चिकटवले आहे तो आकडा कसा आला हे पाहिले की ते गळून पडते.

दृष्टीचे क्षेत्र १२० अंश रुंद आणि १२० अंश उंच धरायचे, एका अंशाच्या साठाव्या भागाच्या तीन दशांश इतका बारकावा डोळ्याला दिसतो असे मानायचे, म्हणजे एका बाजूला २४,००० ठिपके होतात आणि २४,००० चा वर्ग म्हणजे ५७ कोटी ६० लाख. गुणाकार बिनचूक आहे, पण संपूर्ण दृष्टिक्षेत्रात डोळा सारखाच तीक्ष्ण असतो हे त्यामागचे गृहीतक साफ चुकीचे आहे. या ओळीतल्या कोणत्याही एका शब्दावर नजर खिळवून ठेवावी आणि तीन ओळी खालचा शब्द नजर न हलवता वाचून पाहावा. तो वाचता येत नाही. दृष्टिपटलाच्या मध्यभागी एक लहानशी खळगी असते, रंग आणि बारकावा टिपणाऱ्या शंकुपेशींची खरी दाटी तेवढ्या भागातच असते, आणि हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढेच जग आपल्याला एका वेळी खरोखर स्पष्ट दिसते. बाकीचे चित्र नजरेच्या सततच्या उड्या आणि मेंदूची जुळवाजुळव यांतून उभे राहते. दृष्टिपटलावर मंद प्रकाशात काम करणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाखांच्या आसपास शंकुपेशी असल्या, तरी मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेतले तंतू दहा-बारा लाखच असतात. म्हणून डोळ्याचे मेगापिक्सेल मोजणे व्यर्थ आहे. मोजायचे असेल, तर त्या मधल्या खळगीला एका अंशात किती ठिपके वेगळे ओळखता येतात हे मोजावे.

येथे आपल्या भाषेतली जुनी मापे उपयोगी पडतात. एका अंशाच्या साठ कला आणि एका कलेच्या साठ विकला. ही मापे आज अनेकांना केवळ कुंडलीमुळे ठाऊक असतात, यात मापांचा दोष नाही. ती खगोलगणिताची आहेत आणि माणसाच्या भविष्याविषयी ती काहीही सांगत नाहीत. एखादी वस्तू डोळ्याशी नेमकी एक कला कोन करण्यासाठी किती मोठी असावी, हे काढण्याकरिता तिच्या अंतराला ३,४३८ ने भागायचे. आर्यभटाच्या ज्यासारणीतली (म्हणजे साइनच्या कोष्टकातली) त्रिज्या हीच, ३,४३८ कला, कारण वर्तुळाच्या परिघात २१,६०० कला असतात आणि त्यांना २π ने भागले की हाच आकडा मिळतो. (यावरून आर्यभटाला पिक्सेल ठाऊक होते, असा निरोप कृपया कोणी पुढे पाठवू नये.) टेबलावरचा मॉनिटर साधारण ६० सेंटिमीटरवर असतो. ६०० मिलिमीटरला ३,४३८ ने भागले की ०.१७५ मिलिमीटर येतात. या अंतरावर एका कलेचा पिक्सेल तेवढा असतो.

नेदरलँड्सचे नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तयार केलेल्या अक्षरतक्त्याचा आधारही हीच कला आहे. ज्याला आपण ६/६ दृष्टी म्हणतो, तिच्या ओळीतले अक्षर पाच कलांचे आणि अक्षरातली प्रत्येक रेघ एका कलेची असते. आता २७ इंची मॉनिटर घेऊ. फुल एचडी, क्यूएचडी, ४के, ५के आणि ८के म्हणजे पडद्याच्या रुंदीत अनुक्रमे १९२०, २५६०, ३८४०, ५१२० आणि ७६८० पिक्सेल. तो फुल एचडी असेल, तर पिक्सेल ०.३११ मिलिमीटरचा, म्हणजे ६० सेंटिमीटरवरून पाहिल्यास एका अंशात सुमारे ३४ पिक्सेल. क्यूएचडी असेल तर ४५, ४के असेल तर ६७, ५के असेल तर ९०, आणि ८के असेल तर १३५. स्नेलेनच्या हिशेबाने एका अंशाला ६० पिक्सेल पुरेत, म्हणजे ४के ही रेषा जेमतेम ओलांडतो. २०१० साली स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन ४ चा पडदा ‘रेटिना’, म्हणजे दृष्टिपटल, या नावाने सादर केला तेव्हा त्याची घनता इंचाला ३२६ पिक्सेल होती. २७ इंची ४के मॉनिटरची घनता बरोबर निम्मी, १६३, पण आपण त्याच्यापासून फोनच्या दुप्पट अंतरावर बसतो, त्यामुळे डोळ्यापुरते दोन्ही पडदे सारखेच. दिवाणखान्यातल्या दूरचित्रवाणीचा निकाल याहून झटपट लागतो: ५५ इंची पडदा तीन मीटरवरून पाहिला, तर फुल एचडीचा पिक्सेलसुद्धा एका कलेपेक्षा लहान भरतो.

एवढ्यावर थांबता आले असते, पण ६० हा आकडा दिसतो तितका पक्का नाही. ६/६ ही उत्तीर्ण होण्याची रेषा आहे, डोळ्याची कमाल मर्यादा नव्हे. निरोगी तरुण डोळे त्याहून लहान ओळी सहज वाचतात. खळगीच्या मध्यावर दोन शंकुपेशींमधले अंतर सुमारे अडीच मायक्रोमीटर, म्हणजे अर्धी कला असते. काळी-पांढरी एकाआड एक पट्टी ओळखायची, तर प्रत्येक पट्टीला निदान एक शंकुपेशी हवी, म्हणून पेशींच्या जाळीनुसार कमाल मर्यादा एका अंशात १२० पट्ट्यांची होते. दुसरीकडे, प्रकाश ही तरंगगती असल्यामुळे दोन मिलिमीटरच्या बाहुलीतून शिरलेला बिंदूएवढा प्रकाश दृष्टिपटलावर बिंदू राहत नाही. त्याची सुमारे एक कला त्रिज्येची चकती होते. बाहुली मोठी झाली की ही चकती आकसते, पण मग भिंगाचे दोष डोके वर काढतात. डोळ्याचे भिंग आणि डोळ्याची जाळी अशा रीतीने एकमेकांच्या तोडीस तोड आहेत. भिंग जेवढा बारकावा पोहोचवू शकते त्याहून फार बारीक जाळी असती, तर ती वाया गेली असती.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरे तर हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे वळतो. अर्ध्या कलेच्या अंतरावर पेशी असलेल्या डोळ्याला अर्ध्या कलेहून लहान काहीही कळू नये, असे तर्क सांगतो. पण एकाखाली एक अशा दोन उभ्या रेघा काढल्या आणि खालची रेघ किंचित बाजूला सरकवली, तर ती सरकलेली आहे हे माणसाला पाच ते दहा विकलांवरसुद्धा ओळखता येते. अर्धी कला म्हणजे तीस विकला. म्हणजे डोळा स्वतःच्या एका पेशीच्या सहाव्या भागाइतका फरक पकडतो. जेराल्ड वेस्टहायमर यांनी १९७५ मध्ये या क्षमतेला ‘हायपरॲक्युइटी’, म्हणजे अतितीक्ष्णता, असे नाव दिले. तिच्या या विशिष्ट प्रकाराला व्हर्नियर तीक्ष्णता म्हणतात, आणि तो व्हर्नियर म्हणजे प्रयोगशाळेत सर्वांनी हाताळलेल्या कॅलिपरचाच. पिएर व्हर्नियर यांनी १६३१ साली मुख्य पट्टीवर सरकती पट्टी बसवली आणि कोणती रेघ कोणत्या रेघेच्या सरळ रेषेत आली आहे हे ठरवण्याचे काम डोळ्यावर सोपवले. मिलिमीटरचा दहावा भाग आपल्याला नुसत्या पट्टीवर अंदाजाने नीट वाचता येत नाही, पण रेघा जुळल्या की नाही हे मात्र अचूक कळते. ते उपकरण चालते ते या कौशल्याच्या जोरावर.

पेशीपेक्षा लहान फरक पेशींना कळतो कसा? उत्तर त्या धूसर चकतीत आहे. बारीक रेघेचा प्रकाश एकाच शंकुपेशीवर पडत नाही, तो शेजारच्या तीन-चार पेशींवर पसरतो. रेघ मधल्या पेशीच्या बरोबर मध्यावर असेल, तर डावी आणि उजवी शेजारीण सारखाच प्रकाश टिपतात. रेघ केसभर डावीकडे गेली, की डाव्या पेशीचा वाटा वाढतो आणि उजवीचा घटतो. कोणत्याही एका पेशीला रेघेची जागा ठाऊक नसते, पण त्यांच्या वाट्यांच्या प्रमाणावरून मेंदू पसरलेल्या प्रकाशाचा गुरुत्वमध्य काढतो, आणि तो मध्य पेशींच्या जाळीला बांधलेला नसतो. डोळ्याचे भिंग पूर्णपणे निर्दोष असते आणि रेघेचा सारा प्रकाश एकाच पेशीत मावला असता, तर हा फरक कळलाच नसता. धूसरपणामुळे अचूकता वाढते, हे मला दृष्टिविज्ञानातले सर्वांत सुंदर सत्य वाटते.

मॉनिटरच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की तिरक्या रेघेच्या कडेला पिक्सेलच्या ज्या पायऱ्या पडतात त्या दिसण्यासाठी पिक्सेल वेगळा दिसण्याची गरज नसते. २७ इंची ४के पडद्यावर पायरीची उंची सुमारे ५३ विकला आहे, डोळ्याच्या उंबरठ्याच्या पाच ते दहापट. ८के पडद्यावरही ती २७ विकला राहते. पायऱ्या केवळ पिक्सेल वाढवून पाच विकलांखाली न्यायच्या, तर त्या पडद्याच्या रुंदीत सुमारे ४१ हजार पिक्सेल बसवावे लागतील. ही शर्यत रिझोल्यूशनला, म्हणजे पिक्सेलांच्या संख्येला, जिंकता येणारी नाही, आणि सुदैवाने तिची गरजही नाही, कारण संगणक डोळ्याचीच युक्ती उलट्या बाजूने वापरतो. रेघेने एखाद्या पिक्सेलचा तिसरा भाग व्यापला असेल, तर तो पिक्सेल एक तृतीयांश काळा रंगवला जातो. याला अँटिएलियासिंग म्हणतात. करड्या रंगाच्या २५६ छटा हाताशी असल्यामुळे कड पिक्सेलच्या अंशाइतक्या अचूकतेने हवी तेथे ठेवता येते, आणि डोळा त्या छटांचा गुरुत्वमध्य काढून ती तेथेच पाहतो. एक अट मात्र आहे: पिक्सेल इतका लहान हवा की शेजारच्या छटा डोळ्याच्या चकतीत मिसळून जाव्यात. फुल एचडीवर पिक्सेल पावणेदोन कलांचा असल्याने ही छटा वेगळी दिसते आणि अक्षराची कड पुसट वाटते; ४केवर ती मिसळते.

मग खरी मर्यादा कोठे आहे? केंब्रिज विद्यापीठ आणि मेटा कंपनी यांच्या संशोधकांनी २०२५ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत काळ्या-पांढऱ्या आकृत्यांसाठी सरासरी मर्यादा अंशाला ९४ पिक्सेल आली, तांबड्या-हिरव्यासाठी ८९ आणि पिवळ्या-जांभळ्यासाठी अवघी ५३. शेवटचा आकडा चकित करणारा नाही, कारण निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या शंकुपेशी मुळात विरळ असतात आणि खळगीच्या अगदी मध्यावर तर नसतातच. स्नेलेनचे ६० आणि पेशींच्या जाळीचे १२० यांच्या मधोमध हे ९४ बसतात. आपल्या २७ इंची पडद्याला ही फूटपट्टी लावली, तर क्यूएचडीवरून ४केवर जाताना फरक उघड दिसावा, ४केवरून ५केवर जाताना चांगल्या डोळ्यांना थोडा दिसावा, आणि ८केसाठी मोजलेली जास्तीची किंमत ६० सेंटिमीटरवर बसणाऱ्या जवळजवळ कोणाच्याही डोळ्यापर्यंत पोहोचू नये.

देवनागरी वाचणाऱ्याला ४केचा फायदा लॅटिन लिपीच्या वाचकापेक्षा अधिक जाणवतो, असे माझे मत आहे. एकाच ओळीच्या उंचीत शिरोरेषेवरची वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खालचा उकार आणि मधले जोडाक्षर हे सगळे बसवायचे असते. लहान टंकात ‘द्ध’ आणि ‘द्घ’ यांच्यातला फरक एक-दोन पिक्सेलांवर येऊन ठेपतो. मात्र येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ४के घेतला की पडद्यावर चौपट मजकूर मावेल, ही अपेक्षा त्याच आकाराच्या पडद्यावर फोल ठरते, कारण तेवढा मजकूर मावण्यासाठी अक्षर निम्मे व्हावे लागते. २००१ साली आयबीएमने २२ इंचांत ३८४० बाय २४०० पिक्सेल असलेला टी२२१ मॉनिटर आणला होता. त्या काळी बहुतेक सॉफ्टवेअर अक्षरे पिक्सेल मोजून काढत असे, त्यामुळे अशा पडद्यावर ती मुंगीएवढी उमटत. आज प्रणाली अक्षरे दीडपट-दुप्पट करून दाखवतात, म्हणजे वाढलेले पिक्सेल जागेसाठी न वापरता सुबकपणासाठी वापरतात. ज्यांना जागाच हवी आहे त्यांनी पडद्याचा आकार वाढवावा. ४२ इंची ४के पडद्याची घनता २७ इंची क्यूएचडीच्या जवळपास भरते, पण त्यावर खरोखरच जास्त मजकूर मावतो.

पिक्सेलांचा भार यंत्रालाही वाहावा लागतो. ८केचे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचे, तर सुमारे ४८ अब्ज बिट लागतात. २०१७ मध्ये आलेल्या डेलच्या ८के मॉनिटरला त्यासाठी दोन केबली जोडाव्या लागत. शिवाय चित्र हलू लागले की बरेचसे रिझोल्यूशन वाया जाते. मजकूर सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने वर सरकत असेल, तर नजर त्याच्याबरोबर अखंड सरकते, पण पडदा प्रत्येक चित्र सेकंदाचा साठावा भाग तसेच धरून ठेवतो, आणि तेवढ्या वेळात नजर १.७ मिलिमीटर पुढे जाते. मजकूर तेवढाच फरफटलेला दिसतो: फुल एचडीवर पाच पिक्सेल, ४केवर अकरा, ८केवर एकवीस. खेळांसाठी मॉनिटर घेणाऱ्याने म्हणूनच आधी रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो, ते पाहावे.

चाळिशी ओलांडलेल्या वाचकांसाठी याहून महत्त्वाचा प्रश्न चष्म्याचा आहे. ६० सेंटिमीटरवर नजर स्थिर करण्यासाठी डोळ्याच्या भिंगाला सुमारे १.७ डायऑप्टरचा (चष्म्याचा नंबर ज्या एककात मोजतात त्याचा) ताण घ्यावा लागतो, आणि पन्नाशीनंतर तेवढी लवचीकता सहसा उरत नाही. दूरचा चष्मा या अंतराला कमी पडतो आणि पुस्तकाचा चष्मा जवळच्या अंतरासाठी असतो. अशा वेळी ४के पडद्याचा एकूण एक पिक्सेल दृष्टिपटलावर पोहोचण्यापूर्वीच धूसर होतो. जास्त रिझोल्यूशनमुळे डोळ्यांचा शीण जातो, हा दावाही जपूनच घ्यावा. पडद्याकडे पाहताना आपण पापण्या कमी मिटतो आणि डोळे कोरडे पडतात, आणि त्यावर पिक्सेल काही करू शकत नाहीत.

नवा मॉनिटर घेण्यापूर्वी आहे त्या मॉनिटरवर एक प्रयोग करता येतो. कोणत्याही चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये एक पिक्सेल काळी आणि एक पिक्सेल पांढरी अशा उभ्या रेघांचा चौकोन काढावा, तो मोठा न करता शंभर टक्के आकारात, मॉनिटरच्या मूळ रिझोल्यूशनवर दाखवावा, नेहमीचा चष्मा लावावा आणि हळूहळू मागे सरकावे. एका अंतरावर रेघा नाहीशा होऊन चौकोन सपाट करडा दिसू लागतो. तेथे फूटपट्टी लावून पडद्यापर्यंतचे अंतर मोजावे. २७ इंची फुल एचडी पडद्यावर ६/६ दृष्टीच्या माणसाला हे अंतर सुमारे १०७ सेंटिमीटर मिळेल, तीक्ष्ण डोळ्यांना त्याहून जास्त. हे अंतर आपल्या खुर्चीच्या अंतराहून कमी निघाले, तर आहे तोच मॉनिटर आपल्या डोळ्यांना पुरून उरतो आहे. दुपटीच्या आसपास निघाले, तर प्रत्येक बाजूला दुप्पट पिक्सेल असलेला मॉनिटर नेमका कामी येईल.