गाइडबुक वाचून जंगलातल्या निसर्गफोटोंची आखणी
(कॅमेरा, लेन्स, ट्रायपॉड भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या दुकानातून शुक्रवारी संध्याकाळी वाइड लेन्स आणि ट्रायपॉड जातो, सोमवारी सकाळी परत येतो. सामान परत देताना बरेच जण एकच गोष्ट सांगतात, "जागा तीच होती, पण पुस्तकातल्यासारखा उजेड मिळाला नाही." दोष लेन्सचा नसतो. पुस्तकातल्या फोटोचा महिना वेगळा असतो किंवा तास वेगळा असतो. म्हणून दुकानात आम्ही गाइडबुकांचं एक कपाट ठेवलं आहे. त्याचं भाडं नाही. ती पुस्तकं कशी वाचावीत, याबद्दल हे पत्रक.

फोटो बघण्याआधी महिना बघा

सूर्य पूर्वेला उगवतो हे शाळेत शिकलो, पण फोटो काढणाऱ्याला तेवढ्यावर भागत नाही. कोल्हापुरात जूनच्या अखेरीस तो नेमक्या पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो आणि डिसेंबरच्या अखेरीस तितकाच दक्षिणेला. म्हणजे दोन्हींत जवळपास ५० अंशांचं अंतर. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश झाकते, अशा पाच मुठी मोजा. डिसेंबरच्या फोटोत खिंडीतून वर येणारा सूर्य मे महिन्यात भलत्याच डोंगरामागून येईल. फोटोखाली महिना छापला नसेल, तर त्या फोटोवर विसंबून मुक्काम ठरवू नका.

महिन्याला किती महत्त्व असतं, याचं आमचं आवडतं उदाहरण अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाचं आहे. तिथला हॉर्सटेल फॉल हा धबधबा फेब्रुवारीच्या उत्तरार्धात काही मोजके दिवस मावळत्या उन्हात पेटल्यासारखा केशरी दिसतो. त्यासाठी वर पुरेसं बर्फ वितळलेलं हवं, पाणी वाहतं हवं आणि पश्चिमेचं आभाळ मोकळं हवं. चांगलं गाइडबुक या तिन्ही अटी सांगतं. नुसतं "सुंदर धबधबा, जरूर पाहा" असं लिहिणारं पुस्तक पर्यटकाला चालेल, तुम्हाला नाही.

परदेशी पुस्तकातला सल्ला इथे तसाच चालत नाही

"सूर्योदयाच्या पाऊण तास आधी जागेवर उभे राहा," असं ही पुस्तकं सांगतात. योसेमिटी रात्रीही उघडं असतं, त्यामुळे तिथे ते जमतं. आपल्याकडे व्याघ्रप्रकल्पांची गेटं साधारण उजाडताना उघडतात, अंधार पडायच्या आत बाहेर यावं लागतं आणि सफारीत गाडीतून उतरता येत नाही. शिवाय आपला सूर्य लवकर वर चढतो. क्षितिजापासून सहा अंश वर यायला, म्हणजे कोवळं ऊन संपायला, इथे २५ ते २८ मिनिटं लागतात, योसेमिटीत हिवाळ्यात सुमारे ३५. कागदपत्रं दाखवून गेटातून आत जाईपर्यंत कोवळं ऊन संपत आलेलं असतं.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. पहाटेची फ्रेम जंगलाच्या हद्दीबाहेरची ठरवा. आतल्या वेळेत झाडोरा, पाणी, धुकं, ढगाळ उजेडातली हिरवाई टिपा. गाडीत ट्रायपॉडचा उपयोग नाही. आमच्याकडून रिकामी बीन बॅग न्या, घरी तांदूळ भरा आणि खिडकीच्या काचेवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा. गाडीचं इंजिन मात्र बंद करायला सांगा, नाहीतर थरथरीने फोटो हलतो.

पुस्तक किती जुनं आहे?

चांदोलीवरून ते लगेच ओळखता येतं. पुस्तकात चांदोलीला नुसतं अभयारण्य म्हटलं असेल, तर तो मजकूर २००४ च्या आधीचा. त्या वर्षी सुमारे ३१८ चौरस किलोमीटरचं हे जंगल राष्ट्रीय उद्यान झालं. सह्याद्री व्याघ्रप्रकल्पाचा उल्लेख नसेल, तर २०१० च्या आधीचा, कारण कोयना आणि चांदोली मिळून तो तेव्हा झाला. अशा पुस्तकातली डोंगर-पाण्याची वर्णनं आजही उपयोगी पडतात, पण रस्ते, प्रवेश आणि मुक्काम यांबद्दल त्याचं ऐकू नका. परवानगी, पावसाळ्यात बंद असण्याच्या तारखा आणि ड्रोनची मनाई यांबद्दल वनखात्यालाच विचारा. आमच्यातल्या एकाने जुन्या पुस्तकाच्या भरवशावर पहाटे चारला गाडी काढली होती. वाट बंद होती, दिवस फुकट गेला. तेव्हापासून निघायच्या आदल्या दिवशी फोन करायचा, हा आमचा नियम आहे.

आपल्या घाटांचं तोंड पश्चिमेला

ही गोष्ट बाहेरच्या लेखकांच्या पुस्तकांत क्वचित सापडते, आणि कोल्हापूरकरांना तीच सर्वांत कामाची. सह्याद्रीचे कडे कोकणाकडे, म्हणजे पश्चिमेला तुटतात. त्यामुळे गगनबावडा, आंबा घाट, फोंडा घाट इथे सकाळी कड्यांवर सावली असते आणि दरीत धुकं. कड्यांवर ऊन येतं ते दुपार कलल्यावर. पुस्तकात "पहाटे दरी पाहा" असं असेल, तर तो धुक्याचा फोटो आहे असं समजा. खडकाचा पोत हवा असेल तर चारनंतर जा. पहाटेसाठी कड्याकडे पाठ करून पूर्वेला बघा, नाहीतर मसाई पठारासारखी मोकळी जागा गाठा.

पाण्याचंही तसंच. वारणेवरचा वसंतसागर जलाशय किंवा भोगावतीवरचं राधानगरीचं धरण ऑक्टोबरात भरलेलं असतं, मेमध्ये काठ उघडे पडतात. एकाच जागेचे हे दोन निरनिराळे फोटो आहेत. सड्यांवरची, म्हणजे कातळाच्या पठारांवरची फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतची. पुस्तकात कारवीचा निळा-जांभळा डोंगर दिसला, तर महिन्याबरोबर वर्षही बघा. ती साधारण सात-आठ वर्षांनी फुलते.

पुस्तकाशेजारी नकाशा

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा शेजारी उघडा. त्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. उंचीच्या रेषा जिथे दाटीने येतात तिथे कडा असतो. पुस्तकातली जागा त्यावर शोधा आणि तुमच्या तारखेला सूर्य कुठून येईल ती रेघ पेन्सिलने मारा. समोर उंच डोंगर आडवा येत असेल, तर छापलेल्या सूर्योदयानंतरही ऊन तुमच्यापर्यंत पोचायला वेळ लागेल. रेघ मारता येत नसेल तर दुकानात या, टेबलावर बसून एकत्र मारू.

कपाटातली पुस्तकं घरी न्यायला देत नाही, पण हवी ती पानं उतरवून घ्या. परत आल्यावर त्या पानाच्या समासात तारीख, वेळ आणि उजेड कसा होता ते पेन्सिलने लिहून ठेवा. पेन वापरू नका.