रोमन नाण्यांच्या लिलावात बोली कशी लावावी: पात्रता, कागदपत्रं आणि खर्च

प्राचीन रोमन नाण्यांचे लिलाव लंडनमध्ये नियमित होतात आणि परदेशातल्या संग्राहकालाही त्यांत बोली लावता येते. वय 18 पूर्ण हवं आणि नावनोंदणी लिलावाआधी मंजूर झालेली हवी. नाणेशास्त्राची पदवी वगैरे कोणी विचारत नाही.

नोंदणीला पासपोर्टची प्रत आणि पत्त्याचा अलीकडचा पुरावा लागतो. बोली मोठी असेल किंवा तुम्ही नवखे असाल, तर बँकेचं पत्र किंवा अनामत मागतात. पडताळणीला वेळ जातो, म्हणून अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

बोली सभागृहात, फोनवर, ऑनलाइन किंवा कमाल रक्कम आधी लेखी कळवून लावता येते. नवख्याने लेखीच लावावी, असं माझं ठाम मत आहे. ऐन चुरशीत हात आवरत नाही. लिलावकर्त्याचा हातोडा पडला की करार झाला, मग माघार नाही.

हातोड्याची किंमत, म्हणजे शेवटची बोली, हे शेवटचं बिल नव्हे. उदाहरण घ्या. सीझरच्या हत्येनंतर, इ. स. पू. 42 च्या सुमारास, मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसने एक नाणं पाडलं: एका बाजूला त्याचा चेहरा, दुसऱ्या बाजूला दोन खंजीर, मधे टोपी आणि खाली ‘EID MAR’ (मार्चच्या मध्याचा, म्हणजे हत्येचा दिवस) ही अक्षरं. त्याचा सोन्याचा एक दुर्मीळ नमुना ऑक्टोबर 2020 मध्ये लंडनला 27 लाख पौंडांवर सुटला. खरेदीदाराने लिलावगृहाला द्यायचं शुल्क 20 टक्के, म्हणजे एकूण 32 लाख 40 हजार. याशिवाय कर, विमा, टपाल आणि आपल्याकडचं सीमाशुल्क वेगळं.

तेच नाणं पुढे न्यूयॉर्कच्या तपासयंत्रणेने जप्त केलं आणि मार्च 2023 मध्ये ग्रीसला परत दिलं. त्याच्या पूर्वीच्या मालकीची कागदपत्रं खोटी निघाली होती. म्हणून लिलावाच्या सूचीतलं छायाचित्र पाहण्याआधी मालकीचा इतिहास वाचा. ‘जुना युरोपीय संग्रह’ एवढंच लिहिलं असेल तर ते पुरेसं समजू नका. जुन्या लिलावाची तारीख, सूचीतला क्रमांक, आधीची पावती मागा. नाणं इटलीतून बाहेर आलं असेल तर तिथला निर्यात परवानाही. अस्सलपणाची हमी किती काळाची, हे लेखी घ्या. उत्तर गुळमुळीत आलं तर ते नाणं सोडून द्यावं, कितीही देखणं असलं तरी.

जिंकल्यावर पूर्ण रक्कम भरेपर्यंत मालकी तुमच्याकडे येत नाही. बीजक, मालकीच्या इतिहासाच्या प्रती आणि निर्यातीची कागदं नाण्यासोबतच जपा. पुढे विकताना तीच विचारली जातील.

भारतात आणणार असाल तर आयातीचे नियम आणि शुल्क कस्टम्स एजंटकडून बोली लावण्याआधीच समजून घ्या. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावशेषांत, म्हणजे प्राचीन वस्तूंत मोडतात आणि खासगी व्यक्तीला पुरावशेष देशाबाहेर पाठवता येत नाहीत. त्यामुळे इथे आणलेलं नाणं पुन्हा लंडनच्या लिलावात विकू, असा हिशोब मांडू नका.