ग्राम बाल संरक्षण समिती आणि गावातल्या इतर बालकल्याण समित्या (महाराष्ट्र)

ग्राम बाल संरक्षण समिती म्हणजे गावातल्या अठरा वर्षांखालच्या पोरांकडे लक्ष ठेवायला गावातल्याच माणसांची बनवलेली समिती. २००९ साली केंद्राने एकात्मिक बाल संरक्षण योजना आणली (आता तीच मिशन वात्सल्य नावाने चालते), तिच्यात जिल्हा, तालुका आणि गाव अशा खाली खाली येणाऱ्या समित्या सांगितल्यात, त्यातली ही सगळ्यात खालची. अध्यक्ष सरपंच, सोबत अंगणवाडी सेविका, नर्सबाई, शाळेतले गुरुजी, गावातली चार जाणती माणसं आणि मुलांचे दोन प्रतिनिधी. काम काय, तर कुठल्या पोरीचं लग्न लवकर लावतायत, कोण शाळा सोडून हॉटेलात कपबशा धुतोय, कुणाचे आईबाप गेलेत, कुणाला घरात मारझोड होतेय हे वेळेत कळणं आणि ते जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे नाहीतर १०९८ ह्या मुलांच्या हेल्पलाइनवर पोचवणं.

जिल्ह्याची बालकल्याण समिती वेगळी, ती बाल न्याय कायद्याखालची, अध्यक्ष आणि चार सदस्यांची, तिला दंडाधिकाऱ्यासारखे अधिकार असतात. गावच्या समितीला असा कुठलाच अधिकार नाही, सापडलेलं मूल परस्पर कुणाच्या घरी देऊन टाकणं तर अजिबात नाही, ते २४ तासांच्या आत जिल्ह्याच्या समितीपुढे न्यावंच लागतं.

समित्या भरपूर, माणसं तीच

गावात ही एकटीच समिती नाहीये. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) आलेली शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका लागतात. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे, २००७ पासूनची तंटामुक्ती समिती आहे. आणि गाव हजार-दीड हजार वस्तीचं असलं तर ह्या सगळ्यांत फिरून फिरून तीच आठ-दहा नावं. सेविका बहुतेक ठिकाणी असतेच, आणि रजिस्टर सह्यांसाठी घरोघर फिरवायचं कामही तिच्याच गळ्यात पडतं. समिती 'सक्षम करणं' म्हणजे एक दिवसाचं ट्रेनिंग, एक बॅनर, चहा-बिस्कीट आणि ग्रुप फोटो अशी समजूत तालुक्याला पक्की आहे. मुलांचे दोन प्रतिनिधी तर कागदावरच राहतात, कारण मीटिंग शाळेच्या वेळेत.

महाराष्ट्रात जिथे खरोखर काही झालं तिथे समितीच्या हातात एखादं ठराविक काम होतं, थोडे का होईना पैसे होते आणि गावातलीच एक तयार केलेली बाई त्या कामाला वाहिलेली होती. हे काही योजनेच्या कागदातून आलेलं नाही, त्याच्या खूप आधीचं आहे.

आधीचे प्रयोग

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं आणि लगेच १९७२ चा दुष्काळ आला. लोकांना दवाखान्याआधी अन्न-पाणी हवं होतं, म्हणून लहान पोरांना खाऊ घालण्यापासून सुरुवात झाली. पुढे गावोगाव शेतकरी क्लब आणि महिला मंडळं उभी राहिली आणि गावाने निवडून दिलेल्या, बऱ्याचशा निरक्षर बायका आरोग्यसेविका झाल्या.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने (१९८६) १९९५ पासून ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हा प्रयोग केला. थोडंफार शिकलेल्या गावातल्या बायका बाळाचं वजन घेणं, ऊब देणं, न्यूमोनिया ओळखणं, गरज पडली तर इंजेक्शन देणं हे सगळं शिकल्या. नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तीन वर्षांत २५ पर्यंत खाली आला. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि २०११ पासून देशभरातल्या आशांना (गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांना) घरी जाऊन नवजात बाळाकडे बघायचं काम दिलं गेलं. आता ह्यात समिती कुठे आहे असं कुणी विचारेल, तर बरोबर आहे, नुसती समिती नाहीच, पण बाई घरात शिरू शकली, बाळंतिणीच्या सासूने तिला बाळाला हात लावू दिला, कारण ती गावचीच होती आणि गावाला माहीत होतं ती कशासाठी येते.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. घरं बांधायचा कार्यक्रम जागतिक बँकेच्या मदतीचा आणि प्रचंड मोठा, आणि सुरुवातीला लोकांना कुठला हप्ता कधी, कुठलं डिझाईन हे काहीच कळत नव्हतं. मग स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेला लोकसहभागाचं काम दिलं आणि महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या गेल्या, म्हणजे घरमालक आणि इंजिनियर ह्यांच्या मधल्या. पुढे २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा ह्याच लातूर-उस्मानाबादकडच्या बायका तिकडे मदतीला गेल्या. भूकंपातल्या मुलांचं मात्र दोन तऱ्हेने झालं. भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली, त्यातली कितीतरी चांगली शिकली. तर पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्गला 'आपलं घर' उभं राहिलं, म्हणजे मुलं आपल्याच भागात राहिली. तेव्हाच्या परिस्थितीत दोन्ही समजण्यासारखं आहे. पण आजचा कायदा संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानतो, आधी चुलता-मामा-आजी बघा म्हणतो, आणि हे बघायला गावातलं माणूस लागतं, पुण्या-मुंबईहून आलेल्या टीमला कोणती आजी खरंच सांभाळेल आणि कोणता चुलता जमिनीवर डोळा ठेवून पुढे आलाय हे आठ दिवसांत कळत नाही.

हंगामी वसतिगृह

माझ्या मते ह्या सगळ्या विषयातलं सगळ्यात बोलकं उदाहरण बीडकडच्या ऊसतोडीचं आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, पाथर्डी, जालना, परभणी ह्या पट्ट्यातून मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात आणि ती उचल नवरा-बायकोच्या जोडीवर, म्हणजे एका 'कोयत्या'वर असते, त्यामुळे बाईला मागे राहता येत नाही आणि पोरं एकतर फडावर (तोडणीच्या उसाच्या शेतावर) जातात नाहीतर मागे उरतात. फडावर गेलेल्या पोराची शाळा पाच-सहा महिने बुडते, लहान असेल तर अंगणवाडीचा आहारही सुटतो, मोठी पोरगी असेल तर कोपीवर (मजुरांच्या झोपडीवर) बारकी भावंडं सांभाळते.

ह्यावर हंगामी वसतिगृह ही योजना आहे आणि ती चालवते शाळा व्यवस्थापन समिती. पोरं गावातच राहतात, आजी-आजोबांकडे नाहीतर नातलगांकडे, आणि शाळेत दोन वेळचं जेवण मिळतं, स्वयंपाकाला गावातलीच बाई. कुणाचे आईबाप जाणार, कुणाचे ह्या वर्षी उचल न मिळाल्याने थांबणार, कुणाच्या आजीला दिसत नाही म्हणून तिच्याकडे पोर ठेवून उपयोग नाही, ही माहिती कुठल्याच ऑफिसात नसते, ती समितीतल्या पालकांच्या तोंडावर असते. टोळी निघायच्या आधी यादी झाली तर पोर थांबतं, गाडी भरल्यावर यादी करत बसलात तर पोर गाडीत.

आता ह्याचीही दुसरी बाजू आहेच. अनुदान उशिरा येतं, तोवर किराणा उधारीवर, आणि उधारी हेडमास्तरच्या नाहीतर अध्यक्षाच्या नावावर. काही ठिकाणी बोगस पटाच्या तक्रारी झाल्या आणि मग हजेरी, फोटो, अहवाल असं वरून कडक झालं, म्हणजे ज्या समित्या नीट चालवत होत्या त्यांचाही निम्मा वेळ कागदात. चोरी थांबवायला गावसभेत महिन्याचा हिशोब वाचून दाखवणं जास्त कामाचं आहे, गावात कुणाचं पोर जेवलं आणि कुणाचं नाही हे लपत नाही.

वाईटपणा कोण घेणार

मागे राहिलेल्या मोठ्या पोरीची काळजी वाटते म्हणून तिचं लग्न उरकून टाकायचं, हा ऊसतोडीचा दुसरा परिणाम. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) २० ते २४ वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात २१.९ टक्के होत्या, बीड आणि परभणीत हे प्रमाण जवळजवळ दुप्पट. ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हा गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, आणि २००६ च्या कायद्याने असं लग्न लावणाऱ्याला, त्याला प्रोत्साहन देणाऱ्याला, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. समितीवाले पण त्याच भावकीतले, सेविका त्याच गल्लीत राहणारी, उद्या दळण-पाण्याला तोंडासमोर येणारच, आणि सरपंचाला तर पुढच्या वर्षी मतं मागायचीत. म्हणून होतं काय की फोन गेला तरी निनावी जातो आणि तोही हळदीच्या दिवशी, पोलीस येतात, हमीपत्र लिहून घेतात आणि पंधरा दिवसांनी तेच लग्न मामाच्या गावाला रात्रीतून लागतं.

जिथे समिती उपयोगी पडली तिथे ती सुपारी फुटायच्या वेळी पोचली, मांडवात नाही. बस्ता बांधायच्या आधी पैसे गुंतलेले नसतात, अब्रूचा प्रश्न झालेला नसतो, दहावीपर्यंत थांबा, वसतिगृहात नंबर लावून देतो असं बोलता येतं. मुलांच्या प्रतिनिधींचा खरा उपयोग इथेच आहे कारण वर्गातल्या मैत्रिणीला हे सगळ्यात आधी कळतं, पण तिने सांगितलं हे बाहेर फुटलं तर तिचीच शाळा बंद होते, तेव्हा नाव गुप्त ठेवणं ही समितीची पहिली अट असायला हवी आणि ट्रेनिंगमध्ये ह्याला पाच मिनिटं पण देत नाहीत.

कुपोषण, कोरोना आणि पैसा

कुपोषणात अशीच रचना ग्राम बाल विकास केंद्राची आहे, अतिकुपोषित मुलाला अंगणवाडीतच काही आठवडे दिवसातून अनेकदा थोडं थोडं खाऊ घालायचं. मेळघाटात वगैरे अडचण येते ती आईच्या मजुरीची, पेरणीच्या दिवसांत ती पोराला घेऊन बसणार कशी. आरोग्याच्या बाबतीत २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे ह्या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, गावाने दवाखान्याला लाल-पिवळा-हिरवा शेरा द्यायचा आणि जनसुनवाईत डॉक्टरांसमोर बोलायचं. पुण्याची 'साथी' संस्था ह्याच्या समन्वयाला होती.

कोरोनात दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावावर राज्याने पाच लाखांची ठेव ठेवली, आणि एक पालक गेलेल्यांना बालसंगोपन योजनेचा आधार होता, तिची रक्कम २०२३ मध्ये महिना २२५० रुपये झाली. तेव्हा बऱ्याच गावांत समितीने केलेलं मोठं काम म्हणजे कागद गोळा करणं, मृत्यू दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँक पासबुक. विधवा झालेल्या पंचविशीतल्या बाईला तहसीलला एकटीने चार चकरा मारण्यापेक्षा सोबत कुणी असणं ह्यात फरक पडतो.

राहिला पैसा. आरोग्य-पोषण समितीला वर्षाला दहा हजारांपर्यंतचा अबंधित निधी (गरजेप्रमाणे वापरता येणारा) ठरलेला आहे, बाल संरक्षण समितीचा असा स्वतःचा वेगळा निधी नाही, तालुक्याला मूल घेऊन जायचं तर गाडीभाडं सेविकाच खिशातून घालते. पण ग्रामपंचायतीने उत्पन्नाचे दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. तो खर्च बहुतेक गावांत खुर्च्या, भांडी नाहीतर शिलाई मशीन ह्यांच्या खरेदीत दिसतो, आणि त्यातून प्रवासखर्च, दाखल्यांचा खर्च समितीला द्या असा ठराव ग्रामसभेत कुणीही मांडू शकतो.