अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन: फरक एकाच पायरीचा, पण मोठा

आयसीयूबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना डॉक्टर सांगतात, ‘बीपी टिकत नाहीये, नॉरअ‍ॅड चालू केलंय.’ घरी फोनवर कळवताना त्याचं ‘अ‍ॅड्रेनलिन लावलंय’ होऊन जातं. पण ही दोन औषधं एकमेकांच्या जागी सर्रास चालत नाहीत. जंतुसंसर्ग अंगभर भिनून बीपी कोसळलं, तर पहिली पसंती नॉरअ‍ॅड्रेनलिनला. तीव्र अ‍ॅलर्जीने घसा सुजून श्वास अडकला, तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, अ‍ॅड्रेनलिनच टोचायचं. मोठ्या माणसाला साधारण ०.५ मिलिग्रॅम, आणि तेही वेळ न दवडता.

असं का? नॉरअ‍ॅड्रेनलिनचं मुख्य काम रक्तवाहिन्या आवळण्याचं. बीपी चढतं, नाडी फारशी पळत नाही, कधी उलट मंदावते. अ‍ॅड्रेनलिन रक्तवाहिन्या आवळतंच, शिवाय श्वासनलिका मोकळ्या करतं, हृदय जोरात पळवतं आणि यकृतातली साखर रक्तात आणतं. श्वासनलिकांवर नॉरअ‍ॅड्रेनलिनचा जोर जवळपास नाहीच.

शरीरात मात्र दोन्ही एकाच वाटेवर तयार होतात. सुरुवात टायरोसिनपासून, म्हणजे डाळी, दूध, अंडी, शेंगदाणे यांतून मिळणाऱ्या अमिनो आम्लापासून. पहिल्या एन्झाइमला, म्हणजे हा बदल घडवणाऱ्या प्रथिनाला, लोह लागतं, त्यातून डोपा बनतं. दुसऱ्याला ब६ जीवनसत्त्व, त्यातून डोपामिन. तिसऱ्याला तांबं आणि क जीवनसत्त्व, आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन तयार! सिम्पथेटिक, म्हणजे शरीराला आणीबाणीसाठी सज्ज करणाऱ्या, मज्जातंतूंचं काम बहुतेक ठिकाणी इथेच थांबतं. पुढची पायरी मुख्यतः मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यात घडते. तिथलं पीएनएमटी नावाचं एन्झाइम नॉरअ‍ॅड्रेनलिनला एक मिथाइल गट जोडतं आणि अ‍ॅड्रेनलिन बनतं.

या शेवटच्या पायरीवर मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण शरीराची रचना इथे फार सुंदर आहे. ग्रंथीच्या बाहेरच्या थरात कॉर्टिसॉल हे हार्मोन बनतं. त्या थरातून आलेलं रक्त गाभ्यातून वाहतं, त्यामुळे गाभ्याला कॉर्टिसॉल भरपूर मिळतं, आणि त्याच्याच जोरावर पीएनएमटी पुरेसं बनत राहतं. कॉर्टिसॉल बनवायचा हुकूम देणारी मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी बिघडून ते घटलं की अ‍ॅड्रेनलिनही घटतं. एक हार्मोन दुसऱ्याच्या कारखान्याची किल्ली धरून बसलेलं असतं.

म्हणून अ‍ॅड्रेनलिन मुख्यतः रक्तातून फिरणारं हार्मोन, तर नॉरअ‍ॅड्रेनलिन मुख्यतः मज्जातंतूंचं रसायन. मेंदूच्या देठात ‘लोकस सेरुलिअस’ नावाचा निळसर ठिपका आहे. जाग आणि लक्ष यांसाठी मेंदूला लागणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन प्रामुख्याने तिथून येतं. रक्तातलं अ‍ॅड्रेनलिन मेंदूत सहसा शिरत नाही. अधिवृक्क गाभ्यातून जे बाहेर पडतं त्यात सुमारे ८० टक्के अ‍ॅड्रेनलिन असतं. तरी निवांत बसलेल्या माणसाच्या रक्तात नॉरअ‍ॅड्रेनलिनच जास्त सापडतं, कारण ते मज्जातंतूंच्या टोकांवरून झिरपत असतं.

ही गल्लत शास्त्रज्ञांनाही चुकली नव्हती. जोकिची ताकामिने यांनी १९०१ च्या सुमारास अ‍ॅड्रेनलिन शुद्ध रूपात मिळवल्याचं जाहीर केलं. मज्जातंतूंचं रसायन त्याहून वेगळं, म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनलिन आहे, हे उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ मध्ये दाखवलं.

मग लोह, तांबं, क जीवनसत्त्व यांच्या गोळ्या घेऊन ‘स्ट्रेस हार्मोन संतुलित’ होतात का? कमतरता असेल तर ती भरून काढावीच. पण पहिल्या एन्झाइमवर शरीराचा कडक लगाम असतो. माल पुरेसा झाला की तेच मंदावतं. टायरोसिनची पावडर ओतून हा लगाम सुटत नाही. ‘अ‍ॅड्रेनल थकवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांपासून तर लांबच राहावं. त्या निदानाला हार्मोनतज्ज्ञांची मान्यता नाही, आणि थकव्याचं खरं कारण, मग ते थायरॉइड असो वा रक्तक्षय, शोधायचं राहून जातं.

दोन्ही रसायनं एकदम उसळली तर काय होतं, हे कोकणाने पाहिलं आहे. लाल विंचवाच्या विषाने मज्जातंतू पेटतात आणि दोन्हींचा पूर येतो. दरदरून घाम, उलट्या, थंडगार हातपाय, चढलेलं बीपी, पुढे फुप्फुसात पाणी. महाड परिसरात डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांना प्राझोसिन हे मुळात बीपीचं औषध द्यायला सुरुवात केली. रक्तवाहिन्या आवळणारे अल्फा ग्राहक (पेशींवरच्या, रसायनाचा संदेश घेणाऱ्या जागा) ते अडवतं, म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनलिनचा मुख्य दरवाजाच बंद करतं. त्यामुळे विंचूदंशाने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. आता त्याच्या जोडीला विंचवाचं प्रतिविषही दिलं जातं.