स्पर्धा भरवणं वेगळं, कार्यक्रम करणं वेगळं

दर उन्हाळ्यात पदवीचे निकाल लागले की ओळखीतली दोन-चार मुलं विचारतात, "दादा, इव्हेंट मॅनेजमेंट करायचंय, स्पोर्ट्समधलं. कोर्स कुठला घेऊ?" चिपळूणची असोत, लांज्याची की कुडाळची, प्रश्न शब्दाचाही फरक न होता येतो. कोर्सच्या जाहिरातीही 'स्पोर्ट्स' आणि 'इव्हेंट' हे दोन शब्द एका दमात छापतात, त्यामुळे मुलांना दोष देता येत नाही. पण स्पर्धा भरवणं आणि लाइव्ह कार्यक्रम करणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्हीकडे मंडप, माईक आणि गर्दी असते म्हणून ती बाहेरून सारखी दिसतात.

गावची स्पर्धा तुम्हाला समजावून सांगायला नको. मैदानावर पाणी मारणं, फक्कीची आखणी, पावतीपुस्तक घेऊन मुंबईकर मंडळींकडे फिरणं, चषकाला दाता शोधणं, रात्री लाईट गेली की जनरेटरवाल्याला उठवणं, हे तुम्ही शाळेत असल्यापासून करत आला आहात. पोलिसांची परवानगी, रुग्णवाहिका, पार्किंग, पिण्याचं पाणी, बायकांसाठी स्वच्छतागृह, प्रायोजकाचा बॅनर हेही दोन्हीकडे जवळपास सारखंच. यावर वेळ घालवत नाही.

घोळ होतो तो एका जागी. शेवट कुणाच्या हातात आहे?

जत्रेतला दशावतार घ्या. संवाद लिहिलेले नसतात, नट रंगमंचावरच बोलत जातात, कुठला प्रवेश किती रंगेल ते त्यांनाही माहीत नसतं. तरी विष्णूच्या हातून संकासुराचा वध होणार, हे पुढे गोणपाटावर बसलेल्या पोरालाही ठाऊक असतं. लाइव्ह कार्यक्रम म्हणजे हे. शेवट ठरलेला असतो आणि तिथपर्यंतची वाट आयोजकाची असते. गायक घाटात अडकला तर निवेदकाला दहा मिनिटं जास्त द्या, पावसाची चिन्हं दिसली तर एक गाणं गाळा, क्रम उलटा करा. हा तुमचा हक्क आहे आणि तो वेळेवर वापरता येणं हीच या धंद्यातली कारागिरी. 4 डिसेंबर 2023 ला तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिन झाला. युद्धनौका होत्या, विमानं होती, पण त्याही कार्यक्रमात कोण कधी येणार हे आधीच बसवलेलं होतं.

कबड्डीच्या रेषेपाशी हा हक्क संपतो. आत दोन पंच आणि सरपंच, रेषेवर दोघे, टेबलाशी गुणलेखक. निर्णय त्यांचा. कोण जिंकणार हे कुणालाच माहीत नाही, आणि ते माहीत नसणंच आयोजकाला राखायचं असतं. इथे तुम्ही वाट ठरवायला गेलात तर तुम्ही निकालाला हात लावलात.

हे मी चूक करून शिकलो. मुंबईतल्या एका कंपनीकडून मी पहिल्यांदा कबड्डीच्या स्पर्धेवर गेलो, तेव्हा माझा सगळा अनुभव ऑर्केस्ट्रा आणि पुरस्कार सोहळ्यांचा होता. उपांत्य सामन्याचं मध्यंतर पाच मिनिटांचं असतं. नेमके तेव्हाच पाहुणे आले आणि वरून निरोप आला, सत्कार उरकून घ्या. माईक माझ्या हातात होता. शाली-श्रीफळात पंचवीस मिनिटं गेली. पिछाडीवरच्या संघानं मध्यंतराच्या तोंडावर लोण दिला होता, म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद केला होता, मुलं तापली होती. ती थंड पडली आणि हरली. त्यांच्या कर्णधारानं नंतर एवढंच विचारलं, "आमची लय तोडायचं काय कारण होतं?" कार्यक्रम म्हणून मी काहीच चुकीचं केलं नव्हतं. स्पर्धा म्हणून मी एका संघाला मदत करून बसलो होतो. तेव्हापासून चालू सामन्यात सत्कार घुसवणाऱ्याला मी स्पर्धा आयोजक मानत नाही, पाहुणा कितीही मोठा असो.

म्हणून स्पर्धेचं खरं काम पहिल्या शिट्टीच्या आधी संपतं, कागदावर. 2019 च्या क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना आठवा. सामना बरोबरीत, सुपर ओव्हरही बरोबरीत, आणि चौकार-षटकार मोजून 26 विरुद्ध 17 असा इंग्लंडला विजय. अनेकांना तो नियम पटला नाही. पण तो आधी लिहिलेला होता, म्हणून निकाल टिकला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयसीसीनं नियम बदलला, तो पुढच्या सामन्यांसाठी. आपल्याकडे वाद होतात ते न लिहिलेल्या ओळींवरून. बरोबरी झाली तर पाच-पाच चढाया कोण आधी सुरू करणार? दुसऱ्या गावचा खेळाडू चालेल का? हरकत किती वेळात आणि कुणाकडे द्यायची? "तेव्हाचं तेव्हा बघू" हे वाक्य कार्यक्रमात खपून जातं. स्पर्धेत त्यावर खुर्च्या फुटतात.

वेळेचं गणितही यामुळेच उलटं होतं. उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद, हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला भाग दोघांनाही लागू. सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण तुमची स्पर्धा त्या दिवसांत बसेलच असं नाही. कार्यक्रमवाला पावणेदहाला शेवटचं गाणं घेतो आणि सुटतो. अंतिम सामना असा आवरता येत नाही, म्हणून मोजणी मागून सुरू करावी लागते. बाद पद्धतीत, म्हणजे हरला तो बाहेर, जितके संघ, त्याहून एक कमी सामने. तेरा संघ आले तर बारा सामने आणि पहिल्या फेरीत तिघांना पुढे चाल, म्हणजे न खेळताच दुसरी फेरी. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मध्यंतर, टाइमआऊट आणि पुढचा संघ उभा राहीपर्यंतचा वेळ धरला तर सामन्याला तास जातो. संध्याकाळी सहाला सुरुवात केली तर एका मैदानावर रात्रीचे चार सामने, म्हणजे तीन रात्री. एका रात्रीत तेरा संघ संपवतो म्हणणारा पहाटे पाचला झोपाळलेल्या मुलांची अंतिम लढत लावतो. घरच्या संघाला सोपी चाल मिळावी म्हणून चिठ्ठ्या आधीच काढून ठेवणारे भेटले, तर तिथून सरळ घरी या.

खेळाडू व्यासपीठावर आले म्हणजे तो क्रीडा कार्यक्रम, हीही समजूत काढून टाका. 4 जून 2025 ला बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत 11 जणांचा जीव गेला. आयपीएलचा अंतिम सामना आदल्या दिवशीच अहमदाबादला झाला होता. बंगळुरूत होता तो विजयाचा जल्लोष. तिथे निकाल लावायचा नव्हता, गर्दी सांभाळायची होती, आणि ते कार्यक्रमाच्या बाजूचं शास्त्र आहे.

दोन्ही शास्त्रं एकत्र लागतात ती मॅरेथॉनला. सुरुवातीची कमान, ढोलताशा, झेंडा हा कार्यक्रम. 42.195 किलोमीटर भरतात की नाही, ही स्पर्धा. प्रमाणित मार्ग सायकलच्या चाकाला मोजणी यंत्र लावून मोजतात आणि कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरतात. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या वाऱ्यात धावणाऱ्याला कमानीचा रंग आठवत नाही, वेळ आठवते.

आता कोर्सबद्दल. खेळाच्या बाजूला जायचं असेल तर पदविकेची फी भरण्याआधी पंच परीक्षा द्या. राज्य कबड्डी असोसिएशन ती घेते. इतर खेळांतही पंच किंवा गुणलेखक होण्याची वाट असते. 2008 ला आयपीएल आणि 2014 ला प्रो कबड्डी व इंडियन सुपर लीग आल्यापासून स्पर्धा विभाग, संघ व्यवस्थापन, मैदान व्यवस्था यांत पगारी नोकऱ्या आहेत, आणि नियमपुस्तक पाठ असलेलं माणूस तिथे पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतं. "मला खेळाची आवड आहे" हे मुलाखतीत सांगू नका. सामना चालू असताना तुम्ही ड्रेसिंग रूमच्या चाव्या मोजत असाल.

लाइव्हच्या बाजूला जायचं असेल तर साऊंडवाल्याकडे किंवा लाईटवाल्याकडे एक हंगाम केबल गुंडाळा. नंतर शो कॉलरच्या, म्हणजे कार्यक्रम चालू असताना प्रत्येकाला इशारे देणाऱ्याच्या, शेजारी उभं राहून रनडाऊन, म्हणजे मिनिटामिनिटाचा क्रम, वाचायला शिका. सुरुवातीला पैसे दिवसावर मिळतात आणि पावसाळ्यात हात रिकामे राहतात, हे घरी आधीच सांगून ठेवा.

आणि बायोडेटात "गावच्या स्पर्धेचं आयोजन केलं" असं मोघम लिहू नका. त्यावरून तुम्ही खुर्च्या मांडल्या की ड्रॉ काढला, म्हणजे चिठ्ठ्या टाकून जोड्या ठरवल्या, हे मला कळत नाही. असं लिहा: कबड्डी, तेरा संघ, बारा सामने, तीन रात्री. ड्रॉ सर्व कर्णधारांसमोर. एक लेखी हरकत, त्याच रात्री निकाली. माईक दहाला बंद.